सागराने नेलेली वाळू

प्रशांत महासागरातील हवाई बेटांपैकी ओआहू बेटावरचा वाइकीकी हा किनारा जगप्रसिद्ध आहे. तेथील मूळ भाषेत या नावाचा अर्थ ‘उसळते पाणी’ असा होतो. एके काळी येथे डोंगरातून उतरणारे ओहोळ, अळूची खाचरे आणि मत्स्यतळी होती. १९२० च्या दशकात आला वाई नावाचा कालवा खोदून ही पाणथळ भूमी कोरडी करण्यात आली आणि तेथे नगर वसले. किनाऱ्यालगतची घरे, रस्ते व हॉटेले लाटांपासून सुरक्षित राहावीत म्हणून भिंती बांधल्या गेल्या. भिंतींनी जमीन राखली. पुळण मात्र राखली नाही.

याचे कारण समजण्यास कठीण नाही. मोकळ्या पुळणीवर लाट पसरते व तिचा जोर ओसरतो. भिंतीवर आदळलेली लाट मात्र तशीच उसळून परतते आणि पायथ्याची वाळू ओढून नेते. शिवाय भिंतीमागची वाळू किनाऱ्याच्या मदतीस येऊ शकत नाही. ही वाळू प्रवाळ, शिंपले आणि सूक्ष्म सागरी जीवांच्या कवचांचा चुरा होऊन बनते. निसर्गाची ही टांकसाळ अतिशय मंदगतीने चालते.

पूर्वी दुसऱ्या किनाऱ्यांवरची वाळू आणून येथे ओतीत. म्हणजे एकाची झोळी भरण्यासाठी दुसऱ्याची रिकामी करीत. २०१२ साली निराळा मार्ग चोखाळण्यात आला. किनाऱ्यापासून काही शे मीटरांवर, समुद्रतळाशी साचलेली वाळू पाण्यासह पंपाने ओढून नळांवाटे आणली, पाणी निथळू दिले आणि सुमारे १८ हजार घनमीटर वाळू पसरली. सुमारे अर्धा किलोमीटर लांबीचा किनारा दहा-अकरा मीटरांनी रुंदावला. समुद्राने नेलेलेच धन बऱ्याच अंशी त्याच्याकडून परत मिळविले, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु लाटांचे काम थांबले नव्हते. २०२१ साली पुन्हा सुमारे १५ हजार घनमीटर वाळू आणावी लागली.

या उपायाला पथ्येही आहेत. आणलेली वाळू मूळ वाळूहून बारीक असेल तर ती लवकर वाहून जाते. उपसताना उठणारा गाळ प्रवाळांवर बसला तर ज्यांच्यापासून वाळू निर्माण होते, तेच जीव गुदमरतात. अगदी किनाऱ्याजवळ खणले, तर वरची पुळण त्या खड्ड्याकडे घसरू लागते. आणि समुद्रतळाचा साठाही अक्षय नाही. आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार?

तेव्हा वाळू भरणे हा रोगाचा परिहार नव्हे, ते नित्याचे पथ्यपाणी आहे. वाइकीकीला पर्यटनाच्या उत्पन्नामुळे ते परवडते. परंतु समुद्राची पातळी वाढत असताना ज्या लहान बेटांपाशी असे उत्पन्न नाही, त्यांनी काय करावे? निदान जेथे किनारा अद्याप मोकळा आहे, तेथे लाटेच्या वाटेत भिंत उभारण्यापूर्वी वाइकीकीचा हा शंभर वर्षांचा हिशेब कोणीतरी वाचून पाहावा.