गाळात राहिलेले पूर

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला, परंड्याकडं माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली. त्यानंतर आमच्या भूम तालुक्यात पारावर, एसटीत, खव्याच्या भट्टीपाशी एकच वाक्य कानावर पडायचं : "आमच्या आज्यानंही असा पूर बघितला नव्हता." वाक्य खरं आहे. पण आज्याची आठवण ती किती? साठ-सत्तर वर्षांची. त्याच्या आधीचं कुणाला विचारायचं?

सरकारी दप्तराला विचारावं तर तेही फार म्हातारं नाही. पावसाच्या नोंदी बऱ्या आहेत. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं १८७१ पासूनच्या पावसाची मालिका तयार केली आहे. नदीतून किती पाणी गेलं याच्या नोंदी मात्र बहुतेक ठिकाणी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या.

अशा वेळी नदीलाच विचारण्याची एक विद्या आहे, आणि आपल्याकडं ती रुजवण्यात पुणे विद्यापीठाच्या भूगोल विभागातले माजी प्राध्यापक डॉ. विश्वास काळे यांचा मोठा वाटा आहे. मी बी. ए. झालेला कवी माणूस; भूगोलाशी माझा संबंध पावसाची वाट पाहण्यापुरता. पण एका माणसानं आपली सारी अध्यापकी नदीच्या गाळापाशी घालवावी, याचं मला फार अप्रूप वाटत आलं आहे.

ही विद्या समजायला अवघड नाही. नदी खडकाच्या अरुंद घळीतून जाते तेव्हा पुराचं पाणी उंच चढतं. मधली धार जोरात पळते, पण कडेच्या कपारीत आणि येऊन मिळणाऱ्या ओढ्याच्या तोंडाशी पाणी तुंबून संथ होतं. संथ झालं की त्यातली बारीक रेती आणि मळी खाली बसते. पूर ओसरतो, थर मागं राहतो. पुढं त्याहून मोठा पूर आला तर त्यावर दुसरा थर. दोन थरांच्या मध्ये पालापाचोळा, कोळशाचा कण सापडला तर रेडिओकार्बन पद्धतीनं त्याचं वय काढता येतं. थर ज्या उंचीवर आहे तिथवर तरी पाणी नक्की आलं होतं. घळ खडकाची असल्यानं तिचा आकार फारसा बदलत नाही. त्यामुळं त्या उंचीवरून पाणी किती असेल याचा हिशेब मांडता येतो. अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठाचे व्हिक्टर बेकर हे या शास्त्राचे एक आद्य पुरस्कर्ते. ते, त्यांचे सहकारी आणि काळे यांनी १९९० च्या दशकात नर्मदेच्या घळींत हे काम केलं. १९७० साली याच नर्मदेतून गरुडेश्वरला सेकंदाला ६९ हजार घनमीटरांहून जास्त पाणी गेलं होतं. कपारींतल्या गाळानं साधारण १७०० वर्षांची हकिगत सांगितली. तिचं सार असं की मोठे पूर वर्षांच्या हिशेबानं सारख्या अंतरानं येत नाहीत. ते घोळक्यानं येतात, आणि मध्ये दीर्घ काळ नदी शांत असते.

दुष्काळाचं काय? तोही याच काठांत सापडतो. काळे आणि डेक्कन कॉलेजचे एस. एन. राजगुरू यांचा दख्खनच्या पठारावरील नद्यांवरचा एक निबंध १९८७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आला होता. मोसमी पाऊस हजारो वर्षं दुबळा पडला तेव्हा नद्यांना आपला गाळ वाहून नेता येईना, पात्रं भरत गेली. पाऊस पुन्हा जोरकस झाला तशी नदी त्याच गाळात खोल कापत गेली. काठाची उभी दरड म्हणजे दोन्हींची नोंद.

हे वाचल्यापासून पूर आणि दुष्काळ मला वेगळे विषय वाटत नाहीत. पावसानं ओढ दिली की गावात धोंडी निघते, आम्ही ईदगाहवर इस्तिस्काची नमाज पढतो. पाऊस मागायला आलेला माणूस पुढच्याच जुम्म्याला आता पाऊस थांबू दे म्हणून आला, असा प्रसंग हदीसमध्ये आहे. मराठवाड्याला तो समजावून सांगावा लागत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. नऊ वर्षांत आम्ही पुरातून माणसं काढत होतो.

आता व्यवहाराचं बोलू. आपल्याकडं नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतात. निळी पंचवीस वर्षांतल्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या. लोकांना वाटतं, शंभर वर्षांचा पूर येऊन गेला, आता नातवंडांपर्यंत चिंता नाही. तसं नसतं. दरवर्षी शंभरात एक शक्यता, एवढाच त्याचा अर्थ. नदीकाठी घर बांधून तीस वर्षं राहिलात तर असा पूर बघण्याची शक्यता जवळजवळ चारात एक होते. शिवाय ही रेषा बऱ्याचदा चाळीस-पन्नास वर्षांच्या नोंदींवर काढलेली असते. त्या नोंदी शांत काळातल्या निघाल्या तर रेषा खालीच राहणार, आणि तिच्या वर प्लॉट पडणार.

आमच्या सीनेला, बाणगंगेला नर्मदेसारख्या घळी नाहीत. त्या मातीच्या काठांतून वाहतात, काठ ढासळतात, पात्र सरकतं. नर्मदेची पद्धत इथं जशीच्या तशी चालायची नाही. म्हणून इथं ताज्या खुणांना किंमत जास्त. २०२५ च्या पुरानं घरांच्या, शाळांच्या, देवळांच्या आणि मशिदींच्या भिंतींवर मळीची रेघ सोडली. चुन्याचा एक हात मारला की ती जाते. कित्येक ठिकाणी गेलीही असेल. जिथं अजून दिसते तिथं गुरुजींनी पोरांना घेऊन जावं, टेप लावावी. पुलाचा कठडा, देवळाचा ओटा अशा न हलणाऱ्या वस्तूपासून रेघ किती वर आहे ते मोजावं, आणि तारखेसकट शाळेच्या वहीत उतरवून ठेवावं.