त्या रात्री नेमकं काय वाजलं?

३० डिसेंबर १९६८. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात स्पोकेन नावाचं गाव आहे. तिथल्या गॉन्झागा विद्यापीठात त्या रात्री ‘व्हॅनिला फज’ या बँडचा कार्यक्रम होता. त्यांच्याआधी इंग्लंडहून नुकताच आलेला एक बँड वाजवणार होता. जाहिरातीत त्याचं नाव चुकून छापून आलं ‘लेन झेफलिन’. गिटारवर जिमी पेज, गायला रॉबर्ट प्लांट, बासवर जॉन पॉल जोन्स आणि ड्रमवर जॉन बोनम. त्यांचा पहिला अल्बम दुकानांत यायला अजून दोन आठवडे होते. श्रोत्यांतल्या कुणीतरी टेपरेकॉर्डर आणला होता आणि तो चालू केला. ‘लेड झेपेलिन’च्या प्रत्यक्ष कार्यक्रमाचं आज हाती असलेलं सर्वांत जुनं ध्वनिमुद्रण ते हेच.

हे काम रेकॉर्ड कंपनीनं केलेलं नाही आणि बँडच्या व्यवस्थापकानंही नाही. तिकीट काढून आलेल्या एका श्रोत्यानं ते केलं. लेड झेपेलिनच्या कार्यक्रमांचा इतिहास आज इतक्या बारकाईनं माहीत आहे, तो अशाच श्रोत्यांमुळे आणि त्यांच्या टेपा पुढे वर्षानुवर्षं तपासत बसलेल्या चाहत्यांमुळे. कलाकाराच्या प्रेमात पडणं सोपं असतं. त्याच्याबद्दल ऐकलेली प्रत्येक गोष्ट पुराव्यावर घासून घेणं कष्टाचं असतं. हे कष्ट करणाऱ्या मंडळींविषयी मला मनापासून आदर आहे. त्यांची पद्धत कशी आहे, ते इथे सांगायचं आहे.

रोज बदलणारं गाणं

एवढा खटाटोप कशासाठी? कारण हा बँड रंगमंचावर रोज वेगळा असे. ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’ हे गाणं पहिल्या अल्बमवर साडेसहा मिनिटांच्या आत संपतं. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जुलै १९७३ मध्ये मुद्रित झालेलं तेच गाणं जवळजवळ सत्तावीस मिनिटं चालतं. त्या वाढलेल्या वेळात पेजनं व्हायोलिनचा गज गिटारवर फिरवला, बोनमनं लय बदलली, प्लांटनं मधेच दुसऱ्याच कुणाच्या गाण्याच्या ओळी घातल्या. यातलं किती ठरवून केलेलं आणि किती त्या क्षणी सुचलेलं, हे एका रात्रीवरून कळत नाही. लागोपाठच्या रात्री शेजारी ठेवून ऐकाव्या लागतात. स्टुडिओतल्या तबकड्या थोड्या, कार्यक्रम शेकडो. ज्याला हा बँड खरोखर समजून घ्यायचा आहे, त्याला कार्यक्रमांकडेच जावं लागतं.

बँडची कारकीर्द तशी आटोपशीर. पहिला कार्यक्रम ७ सप्टेंबर १९६८ रोजी डेन्मार्कमधल्या ग्लॅडसॅक्स इथे एका शाळेत झाला, तोही ‘यार्डबर्ड्‌स’ या जुन्या नावानं. त्याचे फोटो आज आहेत, कारण योर्गेन आंगेल नावाचा सतरा वर्षांचा मुलगा कॅमेरा घेऊन तिथे गेला होता. शेवटचा कार्यक्रम ७ जुलै १९८० रोजी बर्लिनला झाला. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला बोनम गेला आणि डिसेंबरमध्ये बँडनं थांबत असल्याचं जाहीर केलं. या बारा वर्षांतली प्रत्येक तारीख, प्रत्येक सभागृह, वाजवलेल्या गाण्यांचा क्रम जुळवत आणण्याचं काम १९७० च्या दशकातच सुरू झालं. इंग्लंडमध्ये डेव्ह लुइस यांनी १९७८ मध्ये ‘टाइट बट लूज’ हे चाहत्यांचं नियतकालिक काढलं. पुढे १९९७ मध्ये त्यांनी सायमन पॅलेट यांच्यासोबत ‘द कॉन्सर्ट फाइल’ हे पुस्तक आणलं. त्यात कार्यक्रमांची तारीखवार नोंद आहे.

टेप ऐकण्याआधी टेपची चौकशी

चोरून केलेल्या मुद्रणांत माइक मिलर्ड हे नाव सर्वांत आदरानं घेतलं जातं. लॉस एंजेलिसच्या फोरम सभागृहातले कार्यक्रम तो मुद्रित करी. नाकामिची ५५० हा वजनदार कॅसेट रेकॉर्डर आणि एकेजीचे उत्तम मायक्रोफोन दरवाजातून आत न्यायचे कसे? तो चाकाच्या खुर्चीत बसून जाई आणि यंत्र खुर्चीत लपवी. २१ जून १९७७ च्या रात्रीचं त्याचं मुद्रण ‘लिसन टू धिस, एडी’ या नावानं जगभर फिरलं. प्रेक्षकांत बसून इतकं स्वच्छ मुद्रण करता येतं, यावर आजही पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही.

मिलर्डसारखी टेप विरळाच. बहुतेक टेपा कॉपीची कॉपी, तिची पुन्हा कॉपी अशा पोस्टानं हातोहात फिरल्या. प्रत्येक कॉपीत खरखर वाढते आणि वरचे सूर बोथट होतात. म्हणून अनुभवी संग्राहक टेप हाती आली की आधी तिची वंशावळ विचारतो. मूळ टेप कोणाची? ही कितवी कॉपी? कोणत्या यंत्रावर केली? त्यानंतर तो वेग तपासतो. मुद्रण चालू असताना रेकॉर्डरच्या बॅटऱ्या उतरत गेल्या तर टेप हळू फिरते आणि नंतर नीट यंत्रावर वाजवली की सगळं गाणं चढ्या पट्टीत ऐकू येतं. बँडची वाद्यं कोणत्या पट्टीत लावलेली असत, हे माहीत असल्यानं जाणकार मिनिटागणिक वेग दुरुस्त करत जातो. मूळ टेपेवरून घेतलेली प्रत मात्र जशीच्या तशी वेगळी जपायची, हा या मंडळींचा अलिखित नियम आहे. दुरुस्त केलेल्या प्रतीवरून मागे जाता येत नाही.

या कष्टांचं सर्वांत बोलकं उदाहरण बीबीसीचं आहे. १९६९ च्या वसंतात बँडनं अ‍ॅलेक्सिस कॉर्नर यांच्या रेडिओ कार्यक्रमासाठी काही गाणी मुद्रित केली. त्यात ‘सनशाइन वूमन’ हे गाणं होतं, जे कोणत्याही अल्बमवर आलं नाही. बीबीसीकडची मूळ टेप राहिली नाही. एका श्रोत्यानं घरी रेडिओवरून टेप केलेली प्रत मात्र टिकली आणि २०१६ मध्ये बँडच्या अधिकृत ‘द कम्प्लीट बीबीसी सेशन्स’ संचात ती समाविष्ट झाली. संस्थेनं गमावलं ते घरच्या टेपेनं परत दिलं.

तीन मिनिटं वीस सेकंदांचं रीळ

चित्रफितींचं काम याहून किचकट. ९ जानेवारी १९७० रोजी, पेजच्या सव्विसाव्या वाढदिवशी, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधला कार्यक्रम १६ मिलिमीटर फिल्मवर रीतसर चित्रित झाला होता. तो लोकांपुढे नीट आला २००३ मध्ये, ‘लेड झेपेलिन डीव्हीडी’ या संचातून. मधली तेहतीस वर्षं चाहत्यांना आधार होता तो प्रेक्षकांच्या सुपर ८ कॅमेऱ्यांचा.

सुपर ८ च्या एका कार्ट्रिजमध्ये पन्नास फूट फिल्म असे. सेकंदाला अठरा चौकटी या वेगानं ती तीन मिनिटं वीस सेकंदांत संपते, आणि बहुधा आवाज नसतोच. १९७७ चा कार्यक्रम तीन तासांचा. म्हणजे प्रेक्षकाच्या हाती लागतात नुसते तुकडे. समजा, असं एक रीळ कुणाच्या तरी माळ्यावर सापडलं. डब्यावर काही लिहिलेलं नाही. जाणकार ते कसं वाचतो?

आधी फिल्मची कड. कोडॅक आपल्या फिल्मवर कडेला चौकोन, त्रिकोण, गोल अशा बारीक खुणा छापत असे. त्यावरून ती कोणत्या वर्षी तयार झाली, ते निघतं. मग बोनमचे ड्रम. सुरुवातीला लाकडी रंगाचे, १९७० पासून हिरवे चमकदार, १९७३ ते १९७५ या काळात मधाच्या रंगाचे पारदर्शक, १९७७ पासून पोलादी. मग पेजचा पोशाख. ड्रॅगनचं भरतकाम असलेला काळा सूट १९७५ चा, पांढरा १९७७ चा. वर्ष आणि दौरा इथवर ठरतो. रात्र ठरवायची तर त्या दौऱ्यातले छापील फोटो पुढे घ्यायचे आणि प्लांटचा सदरा, गळ्यातली माळ, मंचावर पडलेली फुलं जुळवत बसायचं. शेवटी त्या रात्रीची श्रोत्याची टेप घ्यायची. काठी झांजेवर पडते तो क्षण आणि टेपेतला आवाज एकावर एक बसवायचा. एक तुकडा बसला की प्लांटचे ओठ शब्दांशी जुळतात की नाही, ते पाहायचं. जुळले तर अर्धशतकापूर्वीची दोन-अडीच मिनिटं पुन्हा आवाजासकट उभी राहतात.

हे करताना अधिकृत फितींवरही डोळे मिटून विसंबता येत नाही. २००३ च्या संचातलं ‘इमिग्रंट साँग’ पाहा. चित्र सिडनीचं, फेब्रुवारी १९७२ चं. आवाज त्याच वर्षीच्या जूनमधल्या लाँग बीचच्या कार्यक्रमाचा. २००३ मध्येच आलेला ‘हाउ द वेस्ट वॉज वन’ हा अल्बम २५ जून १९७२ (लॉस एंजेलिस) आणि २७ जून १९७२ (लाँग बीच) या दोन रात्रींचा मिळून केलेला आहे. कोणत्या जागी जोड आहे, हे चाहत्यांनी दोन्ही रात्रींच्या श्रोत्यांच्या टेपा लावून शोधलं. १९७६ च्या ‘द साँग रिमेन्स द सेम’ या चित्रपटात तर राहिलेली दृश्यं भरून काढायला बँड १९७४ मध्ये शेपर्टन स्टुडिओत पुन्हा उभा राहिला आणि जोन्सनं केस कापलेले असल्यामुळे त्याला टोप घालावा लागला. कंपनीनं चांगला अल्बम द्यावा, दिग्दर्शकानं चांगला चित्रपट द्यावा, हे योग्यच आहे. त्या रात्री काय घडलं, हा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि त्याचं उत्तर कच्च्या टेपेतच असतं.

आठवण आणि कागद

आपल्याकडे इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी बखरीपेक्षा अस्सल कागदावर भर दिला, त्याची आठवण करून देणारा एक वाद या बँडच्या इतिहासात आहे. २० जानेवारी १९६९, सोमवार. त्या दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांचा शपथविधी झाला. त्याच रात्री मेरिलँड राज्यातल्या व्हीटन यूथ सेंटरमध्ये लेड झेपेलिननं जेमतेम पन्नास मुलांपुढे वाजवलं, असं काही जण शपथेवर सांगतात. तिकीट नाही, जाहिरात नाही, फोटो नाही, टेप नाही. जेफ क्रुलिक यांनी यावर ‘लेड झेपेलिन प्लेड हिअर’ हा माहितीपट केला.

पुराव्याची बाजू पाहा. १७ ते १९ जानेवारी बँड डेट्रॉइटला होता. २३ तारखेपासून बोस्टनला. मधली २० तारीख मोकळी. म्हणजे कार्यक्रम अशक्य नाही. पण मोकळा दिवस म्हणजे कार्यक्रम झाल्याचा पुरावाही नव्हे. हे सांगणारी वयस्कर माणसं खोटं बोलत नसतात. तरी त्याच सभागृहात ऐकलेला दुसरा बँड आणि पुढे रेकॉर्डवर ऐकलेलं झेपेलिन पन्नास वर्षांत मनात एकत्र होऊ शकतं. चांगला संशोधक अशी तारीख यादीतून खोडत नाही आणि पक्कीही करत नाही. तो ती वेगळ्या रकान्यात ठेवतो. मला या शिस्तीचं फार मोल वाटतं. आवडत्या बँडचा आणखी एक कार्यक्रम आपल्या पदरात पडावा, असं कोणत्या चाहत्याला वाटणार नाही? तो मोह आवरणं, हीच खरी भक्ती.

मुंबईचं पान

या यादीत मुंबईचंही पान आहे. १९७२ मध्ये पेज आणि प्लांट मुंबईत आले, इथल्या वादकांना घेऊन त्यांनी स्टुडिओत ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ ही गाणी तबला आणि तंतुवाद्यांसह मुद्रित केली. कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ या क्लबातही ते वाजवून गेले. स्टुडिओतली गाणी चोरट्या प्रतींतून अनेक वर्षं फिरली आणि २०१५ मध्ये ‘कोडा’च्या नव्या आवृत्तीत अधिकृतपणे आली.

तारखेचा घोळ इथेही आहे. चाहत्यांच्या याद्यांत पूर्वापार मार्च १९७२ आहे, तर २०१५ च्या आवृत्तीत ऑक्टोबर १९७२. दौऱ्यांवरून निकाल लागत नाही. ऑस्ट्रेलियाचा दौरा २९ फेब्रुवारीला संपला, जपानचा १० ऑक्टोबरला; दोन्हीनंतर मुंबई वाटेवरच पडते. हा प्रश्न सुटेल तो मुंबईतल्या कागदांनी. स्टुडिओची नोंदवही, वादकांना दिलेल्या पैशांची पावती, एखाद्या व्हायोलिनवादकाची डायरी, क्लबात काढलेला फोटो आणि त्याच्या मागे प्रयोगशाळेनं मारलेला शिक्का. या वस्तू लंडनच्या कपाटात असणार नाहीत. असल्या तर गिरगाव, बांद्रा, माहीम, पुणे, मडगाव इथल्या घरांतच असतील, कारण त्या काळचे मुंबईचे बरेच वादक तिथलेच होते.

म्हणून दिवाळीच्या साफसफाईत जुन्या टेपा, रिळं, फोटोंचे डबे हाती आले तर ते भंगारात देऊ नका. टेप लगेच यंत्रावर चढवू नका. जुन्या टेपांचा थर चिकट होऊन सुटू शकतो आणि पहिल्याच फेरीत मुद्रण जाऊ शकतं. फिल्मच्या डब्याला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ती खराब होऊ लागली आहे, तिची डिजिटल प्रत आधी करून घ्या. डब्यावरचं अक्षर पुसू नका, त्याचाही फोटो काढा. घरात त्या काळचं कुणी असेल तर त्यांना आत्ताच विचारा आणि ते सांगतील ते तारखेसह लिहून ठेवा. पण त्यांना स्वतःला आठवतंय आणि दुसऱ्याकडून ऐकलंय, हे दोन वेगळ्या ओळींत लिहा. कोण वाजवत होतं, ते नाव कुणाला आठवत नसेल तरी हरकत नाही. सभागृह, महिना आणि सोबत कोण होतं, एवढं नोंदलंत तरी पुढचा शोध घेणारी माणसं तयार आहेत.