ढोल, काठी आणि भाजलेले डुक्कर

मध्य व्हिएतनाममध्ये कोन नदीच्या काठी आन थाय नावाचे गाव आहे. मुगाच्या शेवयांसाठी ते प्रसिद्ध आहे. नदीकाठच्या मोकळ्या जागेत बांबूच्या तट्ट्या मांडून त्यांवर पांढऱ्याशुभ्र शेवया वाळत घातलेल्या असतात. याच गावात दर चार वर्षांनी, सर्प, कोंबडा आणि रेडा यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वर्षांत, ‘दो यान’ हा उत्सव भरतो. सातव्या चांद्रमासाची पौर्णिमा ही तिकडे पितरांना आणि वाली नसलेल्या भटक्या आत्म्यांना जेवू घालण्याची तिथी. उंच माचीवर पूजा होते, नैवेद्य म्हणून अख्खे भाजलेले डुक्कर ठेवलेले असते. पूजा आटोपली की ते डुक्कर माचीवरून खाली फेकतात. खाली आसपासच्या गावांतल्या तालमींचे गडी कंबर कसून उभे असतात. डुक्कर नुसते झेलून भागत नाही. ते खांद्यावर टाकून, अंगावर येणाऱ्यांना चुकवत आणि लोळवत, आपल्या हद्दीत न्यावे लागते. एकजण पळतो आणि त्याचे साथीदार त्याच्याभोवती कडे करून वाट काढतात. ज्या गावाने डुक्कर नेले त्या गावाची बरकत, असा समज आहे.

व्हिएतनामी युद्धकलांवर लिहिणारे बहुतेक लोक अशा उत्सवांना तोंडी लावण्यापुरते घेतात. खरी विद्या म्हणजे तालमीतली, वस्तादाने शिष्याला कानात सांगितलेली. जत्रेतली ती नुसती करमणूक, असा त्यांचा हिशेब. मला तो पटत नाही. या देशात हत्यार चालवणाऱ्या सामान्य माणसाला जवळजवळ प्रत्येक राजवट बिचकून राहिली आहे. तालमींवर संशय घेतला गेला, त्या बंद पाडल्या गेल्या. जत्रा, नाटक आणि ढोल यांना मात्र सहसा कुणी हात लावला नाही. ज्याला आपण दिखाऊपणा म्हणून नाक मुरडतो, त्याच्याच पोटात ही विद्या तग धरून राहिली.

आन थाय ज्या बिन्ह दिन्ह प्रांतात येते (२०२५च्या फेररचनेत हा प्रांत शेजारच्या ‘या लाय’ प्रांतात विलीन झाला), तो एके काळी चंपा राज्याचा मुलूख होता. त्या राज्याच्या राजधानीचे नाव विजय. संस्कृत नावांचे राजे, शिवाची देवळे, विटांचे उंच मनोरे. १४७१ मध्ये उत्तरेकडून आलेल्या ले थान्ह तोंग या व्हिएतनामी राजाने विजय पाडले. पुढे तीनशे वर्षांनी त्याच तटबंदीच्या जागेवर न्गुयेन न्याक नावाच्या माणसाने आपली राजधानी वसवली आणि १७७८ मध्ये स्वतःला सम्राट म्हणवून घेतले. हा न्याक मूळचा विड्याच्या पानांचा व्यापारी. डोंगरातल्या आदिवासींशी त्याचा व्यापार आणि घरोबा होता. न्याक, ह्वे आणि लू या तिघा भावांनी ताय सोन खोऱ्यातून १७७१ मध्ये बंड पुकारले. महादजी शिंदे दिल्लीत शिरले ते याच वर्षी. श्रीमंतांची कोठारे फोडून गरिबांना वाटणारे म्हणून या भावांचा बोलबाला झाला. त्यांच्या फौजेत शेतकरी होते, डोंगरी लोक होते आणि बायकाही होत्या.

व्हिएतनाम म्हटले की आपल्याकडे हमखास एक मेसेज फिरतो: तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी शिवाजी महाराजांपासून स्फूर्ती घेऊन अमेरिकेला हरवले, मग त्यांचा मंत्री रायगडाची माती घेऊन गेला. या गोष्टीला धरून आजवर एकही विश्वासार्ह कागद पुढे आलेला नाही. आणि खरे म्हणजे व्हिएतनामी लोकांना स्फूर्तीसाठी समुद्र ओलांडायची गरजही नव्हती. घरचाच १७८९ त्यांना पुरेसा होता.

चिनी फौजांनी थांग लोंग, म्हणजे आजचे हनोई, व्यापले होते. मधल्या भावाने, न्गुयेन ह्वेने, डिसेंबर १७८८ मध्ये क्वांग त्रुंग या नावाने राज्याभिषेक करवून घेतला आणि लगेच उत्तरेकडे कूच केले. वाटेत ताम दिएप इथे त्याने सैनिकांना नववर्षाचा सण, तेत, आधीच साजरा करायला लावला. सणाच्या दिवसांत शत्रू गाफील असणार, हे त्याने हेरले होते. न्गोक होइच्या किल्ल्यावर तोफा-बंदुकांचा मारा होत होता. त्याच्या सैनिकांनी फळ्यांच्या मोठमोठ्या ढाली केल्या, त्यांवर ओला पेंढा बांधला आणि त्यांच्या आडून थेट तटाला भिडले. सणाच्या पाचव्या दिवशी, ३० जानेवारी १७८९ ला, ह्वे राजधानीत शिरला. हनोईतल्या दोंग दा टेकडीवर आजही त्या तिथीला जत्रा भरते.

यश फार टिकले नाही. ह्वे १७९२ मध्ये वारला, आणि १८०२ मध्ये प्रतिस्पर्धी न्गुयेन घराण्याचा ‘या लोंग’ सम्राट झाला. त्याने ताय सोनचे नाव पुसून टाकायचे ठरवले. भावांच्या कबरी उकरल्या, त्यांच्या सरदारांना हालहाल करून मारले. हत्तींची फौज तयार करणारी सेनानी बुई थी स्वान हीही त्याच सुडाला बळी पडली. मग गावांनी काय करावे? कियेन मी गावात भावांच्या घराच्या जागी गावकऱ्यांनी सार्वजनिक देवघर उभारले आणि ग्रामदैवताच्या नावाखाली तिघा भावांचीच पूजा चालू ठेवली. तिथे आज मंदिर आहे, क्वांग त्रुंग संग्रहालय आहे, आणि अंगणात त्या घरची म्हणून दाखवली जाणारी विहीर आणि दोनशेहून अधिक वर्षांची चिंच आहे.

नवी राजवट युद्धकलेच्या विरोधात होती असे मात्र नाही. तिला ती हवी होती, फक्त आपल्या ताब्यात. लष्करी परीक्षा घेतल्या गेल्या. त्यांत वजने उचलून चालणे, हत्यार फिरवणे, बंदुकीचा नेम असे टप्पे असत. हुए शहरात १८३५ मध्ये युद्धविद्येचे मंदिर बांधले गेले. बिन्ह दिन्हची पोरे या परीक्षांना बसत. ज्या मुलखाचे बंड मोडले, त्याच मुलखातून सैन्याधिकारी भरती व्हायचे, असा सगळा मामला.

गावोगावच्या तालमींचे नाव झाले ते याच काळात. थुआन त्रुयेनची काठी आणि आन थायची मूठ, अशी म्हण तिकडे रूढ आहे. आन विन्हवाले त्यात आन थायच्या जागी आपल्या गावाचे नाव घालतात, आणि त्यावरून वाद अजून मिटलेला नाही. बिन्ह दिन्हच्या मुली काठी फिरवतात, या अर्थाचे एक लोकगीत तर देशभर ठाऊक आहे. थुआन त्रुयेनच्या काठीला विसाव्या शतकात हो न्गान्ह (१८९१–१९७६) या वस्तादाने मोठे नाव मिळवून दिले.

इथे शिकवण्याची पद्धत ऐकण्यासारखी आहे. प्रत्येक डावमालिकेला एक पद्य असते. चिनी वळणाच्या जुन्या व्हिएतनामीत रचलेले हे पद्य विद्यार्थी आधी पाठ करतो. एकेका ओळीत एकेक पवित्रा दडलेला असतो: कुठे वाघ डोंगर चढतो, कुठे कोंबडा पंख झाडतो. लिहिता न येणाऱ्या शेतकऱ्याच्या पोरालाही त्यामुळे शंभर-दीडशे हालचालींचा क्रम चुकत नाही. वही लपवावी लागते, गाणे लपवावे लागत नाही.

या मालिकांत सगळ्यात गाजलेली म्हणजे ‘हुंग के क्वेन’, झुंजार कोंबड्याची मूठ. धाकट्या भावाने, न्गुयेन लूने, कोंबड्यांची झुंज पाहून ती रचली असे सांगतात. बिन्ह दिन्हचे झुंजीचे कोंबडे नावाजलेले आहेत, त्यामुळे गोष्ट गोड वाटते. लहान चणीचा कोंबडा मोठ्याच्या पंखाखाली शिरतो, बगल देतो आणि मग उसळून डोळ्यांवर चोच मारतो. मालिकेतही बोटे चोचीसारखी जुळवून डोळे आणि गळा हीच लक्ष्ये ठेवली आहेत. पण लूने ती रचल्याचा समकालीन पुरावा नाही. ताय सोनशी नाते सांगितले की कुठल्याही डावाचे वजन वाढते, हे तिथले वस्ताद पक्के ओळखून आहेत. आपल्याकडेही निम्मे दांडपट्टे थेट शिवकाळातलेच निघतात, तेव्हा त्यांना हसण्यात अर्थ नाही.

बिन्ह दिन्ह हे ‘हात बोइ’ या संगीत नाटकाचेही माहेर. दाओ तान (१८४५–१९०७) हा या नाटकाचा सर्वात मोठा लेखक इथलाच. दरबारात मोठ्या हुद्द्यावर राहूनही त्याने नाटके लिहिली. रंगवलेल्या चेहऱ्याचा सेनापती रंगमंचावर घोड्यावर बसतो तेव्हा घोडा नसतो. चाबूक, पावले आणि कंबर एवढ्यावर तो घोडा उभा करतो. लढाईच्या प्रसंगातले पवित्रे तालमीतलेच. नट वस्तादांकडे शिकत आणि वस्तादांची पोरे नाटकात उभी राहत. आणि दोघांना बांधणारा तो ढोल.

ताय सोनच्या रणढोलांचा संच बारा ढोलांचा असतो, कालगणनेतल्या बारा प्राण्यांच्या नावाने. वाजवणारा एकच, बहुधा एखादी तरुण मुलगी. अर्धवर्तुळात मांडलेल्या ढोलांसमोर ती उभी राहते. सुरुवातीला कूच, मग तटावर चढाई, मग विजयी परतणे. मधल्या भागात काठ्यांनी भागत नाही. मूठ पडते, कोपर पडते, कधी काठीचे टोक कडेवर खणखणते, आणि सगळे अंग एका ढोलाकडून दुसऱ्याकडे वळते ते कमरेतून, पाय रोवून. आवाज बंद करून नुसते पाहिले तर ती एकाच वेळी बाराजणांशी लढते आहे असे वाटेल. संग्रहालयात हा कार्यक्रम पर्यटकांसाठी होतो. पर्यटकांसाठी म्हणून काय झाले? मुलगी पाय कुठे टाकते ते बघावे.

कुस्तीची गोष्ट थोडी वेगळी. तिला लपावे लागले नाही. उत्तरेत तेतच्या दिवसांत गावोगाव फड भरतात. हनोईतल्या माइ दोंगची जत्रा ताम त्रिन्ह याच्या नावाने भरते. इसवी सन ४० मध्ये चिन्यांविरुद्ध उठलेल्या त्रुंग भगिनींचा तो सरदार, असे मानतात. लंगोट लावलेले पैलवान झुंजीआधी हात वळवत, जमिनीकडे झुकत एक संथ नाच करतात, आणि ढोलवाला दोघांच्या अंगावर येऊन त्यांना चेतवतो. आपल्या गावजत्रेत हलगी जे करते तेच. हार ठरवण्याचा नियम तर कोल्हापूरच्या माणसाला समजावून सांगायची गरजच नाही: पाठ मातीला लागली की संपले. हुए शहराजवळच्या सिन्ह गावात पहिल्या चांद्रमासाच्या दहाव्या दिवशी फड असतो. उत्तरेत प्रतिस्पर्ध्याला दोन्ही पायांनिशी अधांतरी उचलले तरी जिंकल्याचे धरतात.

फ्रेंचांच्या काळात तालमींवर पुन्हा संशय आला. याच काळात सोन तायकडच्या हू बांग गावचा तरुण न्गुयेन लोक (जन्म १९१२) गावोगावची कुस्ती आणि जुन्या मालिका शिकत होता. पाश्चात्त्य व्यायामपद्धती, जुदो यांतले घेण्यासारखे घेऊन त्याने १९३८ मध्ये ‘व्होविनाम’ ही युद्धकला सिद्ध केली. पुढच्या वर्षी हनोईत जाहीर प्रात्यक्षिक झाले, १९४० मध्ये वर्ग सुरू झाले. तरुणाने आधी शरीर आणि मन स्वतःच्या ताब्यात घ्यावे, असा लोकचा आग्रह होता. सत्ताधाऱ्यांना त्यातला देश लगेच दिसला आणि वर्ग बंद पडले. गंमत अशी की त्याच वर्षांत फ्रेंच सरकारचा युवक-क्रीडा आयुक्त मोरिस दुकोरोय इंडोचायनाभर मैदाने, कवायती आणि सायकल शर्यतींचा धडाका लावत होता. पोरांनी दंड कमवावेत, पण सरकारच्या शिट्टीवर. स्वतंत्र व्हिएतनामनेही हा धागा सोडला नाही: २७ मार्च १९४६ ला हो ची मिन्ह यांनी रोज व्यायाम करण्याचे आवाहन केले, आणि तोच दिवस आज तिथला क्रीडादिन आहे.

व्हिएतनामच्या फाळणीनंतर, १९५४ मध्ये, न्गुयेन लोक दक्षिणेत सायगावला गेला आणि १९६० मध्ये वारला. त्याचा शिष्य ले सांग (१९२०–२०१०) याने पुढे सगळे बांधून काढले: निळा गणवेश, पट्ट्यांचे रंग, छातीवर हात ठेवून करायचे वंदन. पोलादी हात, पण हृदयावर ठेवलेला, हा त्याचा अर्थ. व्होविनामची खरी ओळख मात्र उडती कात्री. पायांच्या एकवीस हल्ल्यांपैकी शेवटच्यांत धावत येऊन उडी मारायची, दोन मांड्यांत प्रतिस्पर्ध्याची मान धरायची, हवेतच पीळ द्यायचा आणि त्याला घेऊन खाली यायचे. तेराव्या शतकात मंगोल घोडेस्वारांना असेच पाडत, हे सांगायला सगळे उत्सुक असतात. मला त्यात घोड्यांपेक्षा कुस्तीचा हौदा जास्त दिसतो. पडायचे कसे ते ज्याने मातीत शिकले, तोच असे उडायचे धाडस करील.

२००८ मध्ये जागतिक महासंघ झाला. फ्रान्स, अल्जीरिया इथे व्होविनाम रुजले, २०१७ची जागतिक स्पर्धा तर दिल्लीत झाली. दक्षिण-पूर्व आशियाई स्पर्धांत मात्र त्याचे नशीब यजमानाच्या हातात. २०११ आणि २०१३ मध्ये होते, पुढच्या तीन स्पर्धांत नव्हते, आणि २०२२ मध्ये हनोईत पुन्हा आले. प्रत्येक यजमान आपल्या घरचे खेळ घुसवतो, इतरांचे काढतो. सगळ्यांनाच हे माहीत असते आणि सगळेच वेळ आली की तेच करतात.

ऑलिम्पिकचा हिशेब निराळा. व्हिएतनामचे पहिले पदक सिडनीत, २००० साली, त्रान हियु न्गान हिने मिळवले, तेही तायक्वांदोत. हा खेळ तिथे पोहोचला तो १९६२ मध्ये, दक्षिणेच्या सैन्याला शिकवायला आलेल्या कोरियन लष्करी प्रशिक्षकांबरोबर. पहिले सुवर्ण २०१६ मध्ये, एअर पिस्तूलमध्ये, होआंग स्वान विन्ह या लष्करी अधिकाऱ्याचे. घरची काठी, घरची मूठ यांना तिथे जागाच नाही.

२०१७ मध्ये ‘विंग चुन’ या युद्धकलेचा एक कॅनडावासी शिक्षक व्हिएतनाममध्ये आला. स्पर्श न करता माणसे पाडण्याचा दावा करणाऱ्या एका वस्तादाला त्याने आव्हान दिले. ती लढत झाली नाही, पण दुसऱ्या एका हौशी लढवय्याला त्याने हनोईत काही मिनिटांत लोळवले. त्याची चित्रफीत देशभर फिरली आणि परंपरागत विद्या लढाईत टिकते का, यावर खडाजंगी झाली. दुरून धक्के देण्याचा बाजार उघडा पडला हे उत्तमच. पण त्या एका झटापटीवरून बिन्ह दिन्हची विद्या पोकळ ठरवणाऱ्यांनी पहिल्यांदा आन थायला पौर्णिमेच्या दिवशी जाऊन, चाळीस-पन्नास जणांच्या धुमश्चक्रीत तीस किलोचे तेलकट डुक्कर खांद्यावरून शंभर पावले नेऊन दाखवावे.