विद्यार्थी संपादकांचे वकील

अमेरिकेतील शाळा-महाविद्यालयांच्या वृत्तपत्रांना विनामूल्य कायदेशीर सल्ला देणारी ‘स्टुडंट प्रेस लॉ सेंटर’ ही राष्ट्रीय संस्था १९७४ मध्ये स्थापन झाली. बातमी रोखली गेली, बदनामीच्या दाव्याची धमकी आली किंवा सार्वजनिक कागदपत्रे नाकारली गेली, की विद्यार्थी तिच्याकडे धाव घेतात. गरज पडल्यास ती स्वयंसेवी वकीलही मिळवून देते.

संस्थेच्या कामाला खरी धार आली ती ‘हेझलवूड’ खटल्यानंतर. मिझुरी राज्यातील एका हायस्कूलच्या ‘स्पेक्ट्रम’ या वृत्तपत्रातील दोन पाने मुख्याध्यापकांनी १९८३ मध्ये छपाईआधीच काढून टाकली. किशोरवयीन गर्भारपण आणि आईवडिलांचा घटस्फोट या विषयांवरील लेखांना त्यांचा आक्षेप होता. मुलांच्या आयुष्याला थेट भिडणारे हे विषय होते, तरीही जानेवारी १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी शाळेच्या बाजूने निकाल दिला. शैक्षणिक कारण वाजवी असेल, तर शाळेने चालवलेल्या वृत्तपत्रावर नियंत्रण ठेवता येते, असे त्यातून ठरले. अमेरिकेतील विद्यार्थी पत्रकारितेवरचा हा सर्वांत मोठा आघात म्हणावा लागेल.

त्यावर उपाय राज्यांच्या पातळीवर निघाला. विद्यार्थी पत्रकारांना संरक्षण देणारा कॅलिफोर्नियाचा कायदा १९७७ पासूनच होता. पुढे ‘न्यू व्हॉइसेस’ मोहिमेतून इतर राज्यांतही असे संरक्षण देणारे कायदे झाले आणि संस्थेने त्या मोहिमेला मोठे बळ दिले. मात्र अभिव्यक्तिस्वातंत्र्याची हमी देणारी अमेरिकी राज्यघटनेची पहिली दुरुस्ती केवळ सरकारी यंत्रणेला बांधील धरते. खासगी शाळांतील संपादकांना तिचा आधार मिळत नाही.