चरबी मानेवर, दुखणे खुरात

घोड्याच्या अंगावरची चरबी म्हणजे अडीअडचणीसाठी ठेवलेला नुसता साठा नव्हे. चरबीच्या पेशी संप्रेरके आणि इतर रासायनिक संदेश सतत रक्तात सोडत असतात. जनावर बेताच्या अंगाचे असते तोवर या संदेशांचा तोल राहतो. पेशी फुगत गेल्या की त्यांना प्राणवायू अपुरा पडू लागतो, काही पेशी मरतात आणि तो राडा उपसायला मॅक्रोफेज नावाच्या पेशी तिथे गोळा होतात. त्यांच्यातून टीएनएफ-आल्फा, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ अशी सूज पेटती ठेवणारी द्रव्ये झिरपतात. ही सूज डोळ्याला दिसत नाही, हाताला गरम लागत नाही. ताप नाही, गळू नाही. पण ती महिनोन्‌महिने चालू राहते.

याच द्रव्यांमुळे इन्सुलिनचा निरोप स्नायूंपर्यंत नीट पोहोचत नाही. मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन ओतते. माणसात हा रस्ता पुढे मधुमेहाकडे जातो. घोड्याचे स्वादुपिंड मात्र सहसा थकत नाही: रक्तातली साखर जवळपास नेहमीसारखीच राहते आणि इन्सुलिन तेवढे चढत जाते. म्हणून नुसती साखर तपासून ‘सगळे ठीक आहे’ म्हणणे फसवे ठरते. लठ्ठपणा, बिघडलेले इन्सुलिन आणि खुरांचे दुखणे या त्रयीला ‘इक्वाइन मेटाबॉलिक सिंड्रोम’ हे नाव 2002 मध्ये अमेरिकेतील पशुवैद्य फिलिप जॉन्सन यांनी सुचवले.

बारामती-इंदापूर पट्ट्यात हा विषय परका नाही. इंग्रजी अमदानीत बारामती ज्या तालुक्यात मोडत होती त्याचे नावच भीमथडी, आणि इथल्या घोड्याच्या जातीचेही तेच. भीमा-नीरेच्या खोऱ्यातले हे काटक घोडे मराठ्यांच्या फौजेने नावारूपाला आणले, पण फौजा गेल्यावर ते टिकवले धनगरांनी. पाऊस सरला की सुपे-मोरगावकडच्या जिरायती भागातून मेंढ्या घेऊन निघायचे, घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाड, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरे आणि कधी लहान पोर लादायचे आणि मृगाच्या आसपास परतायचे. वाटेत मिळेल ते गवत, काट्याकुट्यातला पाला हाच चारा. कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने अलीकडेच भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे.

थोडक्या चाऱ्यात तगून राहणे हा या घोड्याचा गुण आहे, आणि धोकाही तिथेच आहे. शेटलंड, वेल्श यांसारख्या युरोपातल्या काटक पॉनींमध्ये इन्सुलिनचा हा बिघाड मोठ्या प्रमाणात आढळतो, कारण दुष्काळात उपयोगी पडणारी काटकसर सुकाळात चरबी साठवू लागते. भीमथडीच्या बाबतीतही तीच शंका घेणे रास्त आहे. धनगरांच्या बिऱ्हाडाचे सामान आता अनेक ठिकाणी पिकअपमधून जाते आणि घोडा दारात उभा राहतो. कालव्याच्या बागायतीत दारात उभा म्हणजे पुढ्यात उसाचे वाढे, वर तोबऱ्यात हरभऱ्याची चंदी, येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातून गूळ आणि सणासुदीला पोळी. काम मात्र वर्षातून चार वराती. बाजारात आणि प्रदर्शनातही गोल पुठ्ठ्याचे, जाड मानेचे जनावरच ‘तयार’ म्हणून उठून दिसते. ही पारख बदलायला हवी.

घोड्यांमधला पुरावा काय सांगतो? केंटकी विद्यापीठातील संशोधकांना 2007 मध्ये लठ्ठ घोड्यांच्या रक्तात टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-१ यांची पातळी वाढलेली व इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद मंदावलेला दिसला. पण नंतरच्या सगळ्या अभ्यासांत रक्तातली ही वाढ सारखी दिसली नाही. त्याचे एक कारण असे असू शकते की सगळी चरबी एकजात नसते. आयाळीखाली मानेच्या कण्यावर जी चरबी चढते, तिच्यात सुजेच्या जनुकांची हालचाल शरीरातल्या इतर चरबीपेक्षा जास्त आढळली आहे. जाड, ताठ, एका बाजूला झुकू लागलेली मान म्हणूनच सुटलेल्या पोटापेक्षा जास्त काळजीची. (वळू घोड्याची मान मुळातच भारदस्त असते, हे मात्र ध्यानात ठेवावे.)

खुराचा संबंध इथे येतो. घोड्याचे सारे वजन खुरातल्या शेवटच्या हाडावर येते आणि ते हाड खुराच्या कवचाला आतून टांगलेले असते. जोड म्हणजे एकमेकांत घुसलेले शेकडो नाजूक पापुद्रे, वेल्क्रोच्या पट्टीसारखे. लॅमिनायटिस या खुराच्या रोगात हे पापुद्रे सैल पडतात, ताणतात आणि हाड आतल्या आत फिरते किंवा खाली सरकते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2007 मध्ये निरोगी पॉनींच्या रक्तात इन्सुलिन मुद्दाम चढते ठेवले. रक्तातली साखर नेहमीच्या पातळीवर होती, तरी 72 तासांच्या आत त्या सगळ्यांना लॅमिनायटिस झाला. म्हणजे रोगाच्या नावातल्या ‘-आयटिस’चा अर्थ सूज असला तरी या प्रकारात पापुद्र्यांवर पहिला घाला इन्सुलिनचा असतो. धान्याची रास फस्त केल्यावर होणारा लॅमिनायटिस वेगळा. त्यात आतड्यातून आलेल्या विषांमुळे खरोखरीची जोरदार सूज उसळते. चरबीची मंद सूज इन्सुलिन बिघडवण्यात हातभार लावते, थेट खूर फोडत नाही.

सुरुवातीची लक्षणे सहज निसटतात. घोडा खडीवर अडखळतो आणि मऊ मातीवर बरा चालतो, वळताना आखडतो, उभा असताना पुढच्या पायांवरचे वजन आळीपाळीने हलवतो. दुखणे वाढले की पुढचे पाय पुढे टाकून मागच्यांवर भार घेतो. खूर गरम लागतो, घोट्यामागची नाडी ठणकती लागते. जुन्या दुखण्याची खूण खुरावरच लिहिलेली असते: वळ्या टाचेकडे रुंद, पुढे अरुंद. बेलवाडी आणि इंदापूरच्या रिंगणात अश्व धावून गेला की त्याच्या टापांखालची माती वारकरी कपाळी लावतात. टापेच्या आतली ही रचना किती नाजूक आहे, हे त्या दौडीकडे बघून जाणवतही नाही.

अंगाचा अंदाज घेण्यासाठी हेनेकी यांची 1983 मधली 1 ते 9 अंकांची मोजणी जगभर वापरतात. 5 मध्यम, 7 पासून पुढे जास्तीची चरबी. हात हलका फिरवून बरगडी लागली पाहिजे. दाबून शोधावी लागली तर चारा कमी करण्याची वेळ झाली. मानेसाठी 0 ते 5 अशी वेगळी मोजणी आहे आणि तिथे 3 च्या पुढे धोका समजतात. छातीचा घेर फितीने महिन्याला मोजला तरी कल पुरेसा कळतो.

वजन उतरवताना आधी चंदी, गूळ, मळी बंद करावी. मग वैरण शरीराच्या वजनाच्या दीड टक्क्यावर आणावी. 250 किलोच्या घोड्याला रोज पावणेचार किलो सुकी वैरण. बागायती हिरव्या चाऱ्यापेक्षा जून गवत बरे. वैरण तासभर पाण्यात भिजवली की साखर बरीच उतरते, पण ते पाणी फेकून द्यावे आणि उन्हाळ्यात भिजलेली वैरण आंबण्याआधी संपवावी. वाढ्यात साखरेखेरीज ऑक्झलेटही असते, ते कॅल्शियम अडवते. मात्र एकदम उपास नको. लठ्ठ तट्टाला, त्यातही गाभण घोडीला, अचानक उपाशी ठेवले तर अंगातली चरबी रक्तात लोटते, यकृत तुंबते आणि जीवही जातो.

खूर दुखत नसतील तर रोजची चाल हा मोठा उपाय, कारण स्नायूंच्या हालचालीने इन्सुलिनचा प्रतिसाद सुधारतो. खूर दुखत असतील तर चालवू नये. मऊ जागा, खुरांना थंडावा आणि पशुवैद्य लागतात. मान इतर अंगापेक्षा उशिरा उतरते. खुराचे नवे कवच वरून खालपर्यंत यायला नऊ महिने ते वर्ष लागते आणि तेवढा काळ खुरसाळणी व नालबंदी क्ष-किरण चित्र पाहूनच करावी लागते.