कोनमध्ये बसून नाशिकची थंडी विकताना : उघड्यावरच्या कामासाठी गॅस हीटर कसा निवडायचा?

हीटरच्या व्हिडिओत मशीन चालवून दाखवण्यातच वेळ गेला. हिशेब आणि सुरक्षेचा भाग राहिला. तो आज इथे लिहितो, कारण या धंद्यात पैसे याच दोन गोष्टींवर बुडतात. आणि नुसते पैसेच जात नाहीत, माणसंही जाऊ शकतात. माझ्याकडे तसं होता होता राहिलं, तेही सांगणार आहे.

माझं दुकान कोनला, कल्याण-भिवंडी रोडवर. मंडप आणि केटरिंगवाल्यांना भट्ट्या, बर्नर, मोठी भांडी भाड्याने देतो. कोनमध्ये हीटर कोण घेणार? कोणीच नाही. आपल्याकडे डिसेंबरात पहाटे स्वेटर घातला तरी दहा वाजता घाम येतो. पण इथून हायवे पकडला आणि कसारा घाट चढून नाशिककडे गेलात की हवा बदलते. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातलं तापमान दर हिवाळ्यात पेपरात येतं, ते उगीच नाही. द्राक्षबागा वाचवायला शेतकरी पहाटे शेकोट्या पेटवतात, अशी थंडी असते तिथे. म्हणजे माल कोनमध्ये, गिऱ्हाईक घाटावर. आपलं दुकान जिथे आहे तिथेच मार्केट असतं, असं नाही.

आधी गिऱ्हाईक, मग मशीन

मी पहिल्यांदा विचार केला होता, "शेतकऱ्याला विकू. रात्री लाईट येते तेव्हा तो पाणी भरायला जातो, थंडी वाजते." चूक! पाणी भरणारा माणूस वावरात फिरत असतो. हीटर एका जागी उभा असतो. मशीन एका ठिकाणी आणि माणूस दुसरीकडे, मग ऊब कोणाला?

साधा नियम लक्षात ठेवा. उघड्यावर गॅस हीटर त्यालाच कामाचा, जो दोन-चार तास एकाच जागी उभा किंवा बसलेला असतो. लग्नाच्या लॉनवरचे पाहुणे, रात्रभर डेकोरेशन करणारी पोरं, हायवेवरचा पंक्चरवाला, गेटवरचा वॉचमन. पोल्ट्रीवाल्यालाही पिल्लांसाठी ऊब लागते, पण त्याचा गॅस ब्रूडर वेगळा असतो. त्याला लॉनचा हीटर विकू नका.

तीन प्रकार, तीन कामं

पहिला छत्री हीटर, काही जण मशरूम म्हणतात. उंच खांब, वर बर्नर, त्यावर पत्र्याची छत्री, खाली डब्यात सिलिंडर. लॉनवर हाच चालतो. ताकद साधारण 12-13 किलोवॅट.

दुसरा जाळीचा हीटर. सिरॅमिकच्या प्लेटा लाल होतात आणि समोरच्या माणसाला थेट ऊब लागते. साधारण 4 किलोवॅट. वॉचमन, पंक्चरवाला, छोटा स्टॉल यांना हा पुरतो.

तिसरा तोफेसारखा आडवा, पंख्याने गरम हवा फेकणारा. त्याला गॅस आणि लाईट दोन्ही लागतात. मोठ्या, हवा खेळत्या शेडमध्ये ठीक. उघड्या मैदानात गरम केलेली हवा वारा घेऊन जातो, तुम्ही फक्त गॅस जाळत बसता. म्हणून उघड्यावर हवा तापवणारा नको, माणूस तापवणारा हवा. चुलीसमोर बसलं की तोंड भाजतं आणि पाठ गार राहते, तीच ही ऊब.

गॅसचा हिशेब

परदेशी मालावर बीटीयूचे मोठे आकडे छापलेले असतात. घाबरू नका. 3,412 बीटीयू म्हणजे 1 किलोवॅट. आणि 1 किलो एलपीजी जाळला की साधारण 12.8 किलोवॅट-तास ऊर्जा मिळते. म्हणजे 13 किलोवॅटचा छत्री हीटर फुल्ल चालला तर तासाला 1 किलो गॅस खातो. 4 किलोवॅटचा जाळीवाला साधारण 300 ग्रॅम.

19 किलोचा कमर्शियल सिलिंडर हिशेबासाठी 1,900 रुपयांना धरू (तुमच्या गावचा आजचा भाव तुम्ही टाका). म्हणजे किलोला 100. लॉनवर पाच तास चाललेला एक हीटर 500 रुपयांचा गॅस खातो. आठ हीटर लावलेत तर 4,000. हे पार्टीला आधी सांगितलं नाही तर बिलाच्या वेळी भांडण ठरलेलं.

आणि प्रत्येक हीटरला आपला सिलिंडर. आठ हीटर म्हणजे आठ सिलिंडरचं डिपॉझिट. नवीन माणूस हे भांडवल धरायला विसरतो.

प्रोपेन की आपला सिलिंडर?

डब्यावर "प्रोपेन" लिहिलेलं असतं, पण आपल्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण असतं. प्रोपेन उणे 42 अंशाला उकळतो, ब्युटेन शून्याच्या जरासा खाली. म्हणून कडक थंडीत आपल्या सिलिंडरचा दाब पडतो. त्यात गॅस जोरात खेचला की सिलिंडर स्वतःच गार होतो, बाहेरून दव जमतं आणि ज्योत बसते. मोठ्या हीटरला 5 किलोचा छोटा सिलिंडर लावला की हे हमखास होतं. मग कोणीतरी हुशार माणूस सिलिंडरवर उकळतं पाणी ओततो नाहीतर शेकोटीजवळ सरकवतो. असं कधीही करू देऊ नका. छोटा हीटर लावा, ज्योत कमी करा किंवा मोठा सिलिंडर घ्या.

रेग्युलेटर हीटरला जेवढा दाब लागतो तेवढाच देणारा पाहिजे. घरच्या शेगडीचा रेग्युलेटर सुमारे 30 मिलिबारला गॅस सोडतो. परदेशी हीटरची पाटी वाचा, दाब वेगळा असू शकतो. जुळला नाही की ज्योत पिवळी होते, काजळी धरते. आणि धंद्यासाठी घरगुती 14.2 किलोचा लाल सिलिंडर वापरायला कायद्याने बंदी आहे. "सगळेच वापरतात" हे उत्तर तपासणी करणारा ऐकत नाही.

माझी चूक

पहिल्या सीझनला मी आठ छत्री हीटर घेतले. एका आयातदाराने स्वस्तात दिले. आडवा पडला तर गॅस बंद करणारा स्विच त्यात नव्हता. मी विचारलंही नाही. चालवून बघितले, पेटले, पैसे दिले.

नाशिककडच्या एका लॉनवर लग्न आटोपलं. रात्री एकच्या सुमाराला मंडपाच्या पोरांनी एक हीटर सामानाच्या तंबूत ओढला. चारही बाजूंनी ताडपत्री सोडली आणि झोपले. माझा ड्रायव्हर चहा पिऊन आला, सामान भरायला त्यांना उठवायला गेला. दोघं नीट उठेनात. एकाला उलटी झाली, दुसऱ्याचं डोकं ठणकत होतं आणि पाय लटपटत होते. ड्रायव्हरने आधी त्यांना बाहेर मोकळ्या हवेत आणलं, मग हॉस्पिटलला. दोघं वाचले. पहाटे मला फोन आला तेव्हा ड्रायव्हर एवढंच म्हणाला, "शेठ, मी अजून एक चहा घेतला असता तर?"

त्या वाक्याने माझी झोप उडाली ती बरेच दिवस.

बंद जागेत हीटर चालला की हवेतला ऑक्सिजन कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. गॅस गळला तर वास येतो, कारण वास मुद्दाम घातलेला असतो. कार्बन मोनॉक्साईडला वास नाही. माणसाला वाटतं झोप येतेय. पोरांची चूक नव्हती. त्यांना थंडी वाजत होती आणि मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. पार्टीकडून सही घेतली, पण मशीन हाताळणाऱ्याशी एक शब्द बोललो नाही.

आता प्रत्येक हीटरवर मराठी आणि हिंदीत मोठ्या अक्षरात लिहिलंय : "तंबूत, खोलीत, गाडीत लावायचा नाही. लावून झोपायचं नाही." काम संपलं की माझा माणूस रेग्युलेटर काढून स्वतःजवळ ठेवतो. आणि मंडपाच्या पोरांसाठी चार जाडजूड ब्लँकेटं गाडीतच असतात. हीटरपेक्षा ती कितीतरी स्वस्त!

घेताना काय तपासायचं?

1. ज्योत विझली की गॅस आपोआप बंद होतो का? दुकानदारासमोर फुंकर मारून किंवा पुठ्ठ्याने वारा घालून विझवा, थोडं थांबा, गॅस बंद झाल्याचा आवाज येतो.
2. तिरका केला की बंद होतो का? हेही करून दाखवायला सांगा.
3. बूड जड आहे का? टेम्पोतून घाट चढून जाणार आहे, चाकं आणि जाळी मजबूत हवी.
4. जेट, थर्मोकपल, बर्नरची जाळी सुटी मिळते का? नाही मिळाली तर पूर्ण हीटर भंगारात.
5. पाईप आयएसआय मार्कचा, आत तारेची जाळी असलेला. त्यावरची तारीख बघून वेळेत बदला. प्रत्येक जोडणीला साबणाचं पाणी लावा, फुगा आला की गळती. काडी लावून कधीच बघू नका.

गळतीसाठी 1906 हा हेल्पलाईन नंबर हीटरवरच चिकटवा.

धंदा परवडतो का?

बीबीएला ब्रेक-इव्हन पाठ केला होता, समजला तो इथे. सुधारलेला एक हीटर मला 11,000 ला पडला. भाडं रात्रीला 900, गॅस पार्टीचा. गाडी आणि माणसाचा वाटा वजा जाता हातात 500. म्हणजे 22 रात्री भरल्या की मुद्दल सुटलं. पहिल्या सीझनला किती रात्री मिळाल्या? फक्त 14.

का? तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात, पण ऐन कडाक्याच्या थंडीत पौष येतो आणि आपल्याकडे पौषात लग्नं फारशी करत नाहीत. सगळ्यात जास्त थंडी, सगळ्यात कमी लग्नं! हे मला कुठल्याच पुस्तकाने सांगितलं नव्हतं, दाते पंचांगाने सांगितलं. आता पौषात तेच हीटर हॉटेलांच्या अंगणात आणि हुरडा पार्ट्यांना जातात.

म्हणून थेट आठ घेऊ नका. दोन घ्या, एक सीझन चालवा, रात्री मोजा, मग वाढवा. सिलिंडर इथून वाहून नेऊ नका, पार्टीला त्यांच्याच गावच्या अधिकृत एजन्सीकडून घ्यायला सांगा.

या आठवड्याचा होमवर्क : तुमच्या भागापासून तीन तासांच्या अंतरात थंडीत एका जागी उभं राहून काम करणारी दहा माणसं शोधा. मशीन विकायचं नाही, फक्त विचारायचं, "दादा, थंडीत काय करता?" त्यांचं उत्तर वहीत लिहा. हीटर घ्यायचा की ब्लँकेटं विकायची, ते त्या वहीतच कळेल.