परदेशातली दहा एकर आणि घरचा सातबारा

आमच्या निघोज्यातून एके काळी चाकणच्या बाजाराला कांद्याच्या गाड्या जायच्या. आता सकाळ-संध्याकाळ कंपन्यांच्या बसगाड्या जातात. २००९ साली इथं फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, २०१० साली महिंद्राचा. वसाहतीसाठी जमिनी गेल्या आणि पैसा आला. कुणी बंगला बांधला, कुणी गाड्या घेतल्या. काही शहाण्या माणसांनी लांबच्या तालुक्यात पुन्हा जमीन घेतली.

गेल्या पावसाळ्यात शेजारचा मुलगा वही घेऊन ओट्यावर आला. मुलगा म्हणजे तसा चाळिशीला टेकलेला, कारखान्यात पाळीवर जाणारा. म्हणाला, "चाचा, मी बायकापोरांना आणि आईला घेऊन बाहेर चाललोय. देशाच्याच बाहेर. दहा एकर घ्यायची, खायचं ते पिकवायचं. कुणाची पाळी नको, कुणाचा भोंगा नको." वहीत रंगीत पेन्सिलीनं काढलेला नकाशा होता. घर, विहीर, खुराडं, फळझाडं, सगळं जागच्या जागी. जमाखर्चाचं पान मात्र कोरं होतं.

हिशेब हा कवीचा प्रांत नव्हे, पण ते कोरं पान मला बघवेना. आम्ही दोघांनी ते भरायला घेतलं.

घरात माणसं पाच. माणशी महिन्याला दहा-बारा किलो धान्य धरलं तर वर्षाला सहा-सात क्विंटल होतं. पाण्याखालची एकरभर जमीन तेवढं देते. डाळीला आणखी काही गुंठे. तेल महिन्याला तीन लिटर धरा. शेंगदाण्यातून वजनाच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास तेल निघतं. म्हणजे वर्षाच्या तेलाला सव्वाशे-दीडशे किलो वाळल्या शेंगा हव्यात. भाजीला दहा गुंठे पुष्कळ झाले. इथवर तो खूश होता. दीड-दोन एकरांत घर जेवतंय!

मग आल्या गाई. वर्षभर दूध हवं तर एक गाय भागत नाही. एक आटली की दुसरी दुभती लागते, म्हणजे दोन. त्यांच्या चाऱ्याचा हिशेब मांडला तेव्हा ध्यानात आलं की माणसांपेक्षा जनावरंच जास्त जमीन खातात. त्यातून थंडीचा देश असेल तर चार-पाच महिने हिरवं काही उगवत नाही. तेवढी वैरण आधी कापून, वाळवून, छपराखाली रचून ठेवावी लागते. आपल्याकडं उन्हाळ्यासाठी कडबा साठवतात तसंच. फक्त बाहेर बर्फ.

एवढं करून मीठ, चहा, कापड, औषधं, डिझेल, पोरांची शाळा आणि सरकारचा कर जमिनीतून उगवत नाहीत. त्यासाठी काही तरी पिकवून विकावं लागणार. मी विचारलं, "मग तिथं तुझं चाकण कुठलं?" तो वहीकडं बघत राहिला. सगळं स्वतःचं पिकवून खाणारा शेतकरीही बाजाराला बांधलेलाच असतो, हे त्याच्या नकाशात कुठंच नव्हतं.

आपण म्हणतो, जुन्या काळी शेतकरी स्वयंपूर्ण होता. खरं म्हणजे स्वयंपूर्ण होतं ते गाव. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात हा सारा कारभार मांडलेला आहे. नांगराचा फाळ लोहाराकडं, मोट चांभाराकडं, गाडी सुताराकडं, मडकी कुंभाराकडं. आणि सुगीला खळ्यावर सगळ्यांचा वाटा. माझे आजोबा गावचे मुलाणी. आमच्याही घरात जोंधळा यायचा तो दुसऱ्यांच्या खळ्यावरून. या व्यवस्थेत अन्याय मोठा होता आणि तो कुणी झाकू नये. पण एकट्या घराच्या बळावर पोट भरतं, असा दावा तिनं कधी केला नाही. परदेशी जाणारं कुटुंब जमीन विकत घेऊ शकतं. रात्री गाय अडली तर धावून येणारा शेजारी कुठल्या कचेरीत नोंदवून मिळत नाही.

मराठी माणसं मातीच्या कामासाठी समुद्रापार गेली, त्याचा ठळक दाखला मॉरिशसचा. १८३४ पासून तिथल्या उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातून करारावर मजूर जाऊ लागले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीकडचे पुष्कळ होते. ते जमीनदार व्हायला गेले नव्हते, राबायला गेले होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साखरेचा धंदा अडचणीत आला, तसे मळेवाले आपल्या जमिनीचे तुकडे पाडून विकू लागले. तेव्हा या मजुरांतल्या काहींनी हप्त्यानं ते तुकडे घेतले. म्हणजे पाय ठेवल्यापासून जमीन नावावर होईपर्यंत कित्येक वर्षं गेली, काही घरांत तर पिढी. मधल्या काळात त्यांनी 'बैठका' उभ्या केल्या. संध्याकाळी जमायचं, पोरांना अक्षरओळख द्यायची, भजन म्हणायचं. बैठका म्हणजे त्यांचं गावच.

अलीकडचा दाखला पंजाबचा. २०१२ च्या सुमारास जॉर्जिया या देशात जमीन स्वस्त आहे असं ऐकून पंजाबातले शेतकरी तिकडं गेले. स्थानिक लोक बिथरले. २०१३ साली तिथल्या संसदेनं परदेशी माणसाला शेतजमीन विकायला तात्पुरती बंदी घातली. पुढं राज्यघटनाच दुरुस्त झाली आणि २०१८ च्या डिसेंबरपासून, मोजके अपवाद सोडले तर, शेतजमीन नागरिकांपुरतीच राहिली. त्यांना नावं ठेवायची सोय आपल्याला नाही. महाराष्ट्रातही १९४८ च्या कुळकायद्यानं बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात बाहेरच्या परदेशी माणसाला दहा एकरांवर शेतजमीन ठेवता येत नाही. न्यूझीलंडमध्ये शहराबाहेरची पाच हेक्टरांहून, म्हणजे सुमारे साडेबारा एकरांहून, मोठी जमीन घ्यायची तर परदेशी माणसाला सरकारी संमती लागते. शिवाय जमीन नावावर झाली म्हणून राहायचा परवाना मिळतोच असं नाही. ती दोन वेगळी दारं आहेत आणि आधी राहण्याचं दार ठोठवावं.

पैसा नेण्याची वाट त्या मानानं सरळ आहे. रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली माणशी एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात, त्यातून घर-जमीनही घेता येते. मोठ्या रकमेवर बँक आधी कर वसूल करते. तो पुढं आयकरात वळता करून घ्यायचा असतो.

खरी मेख परतीच्या वाटेवर आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. परदेशी स्थायिक झालेल्या भारतीयाला इथं फ्लॅट घेता येतो, दुकान घेता येतं. शेतजमीन विकत घेता येत नाही, बक्षीसपत्रानंही मिळत नाही. तिकडचं नागरिकत्व घेतलं तर भारताचं जातं, आणि ओसीआय कार्डावरही शेतजमीन विकत मिळत नाही. पण जाण्याआधी नावावर असलेली जमीन ठेवता येते, वारसानं आलेलीही घेता येते. म्हणजे राहिलेला शेवटचा तुकडा विकून विमानात बसलात, तर तिथं राहून निघोज्यातला एक गुंठाही पुन्हा विकत घेता येणार नाही. आणि कायमचे परत आलात तरी तलाठ्यापुढं आधी शेतकरी असल्याचं सिद्ध करत बसावं लागेल. या मुलाकडं मोबदल्यातून वाचलेले वीस गुंठे होते. वहीत त्यांच्यापुढं 'विक्री' असं लिहिलं होतं.

त्याची आई इतका वेळ निवडत बसली होती. गाडग्यातलं बियाणं कसं न्यायचं, हा तिचा प्रश्न. घेवडा, दोडका, गावठी मिरची, तीस वर्षं जपलेलं. तिला सांगावं लागलं की बियाणं असं चोळीत बांधून नेता येत नाही. बहुतेक देश पीकरोग नसल्याचा सरकारी दाखला मागतात, काही बियाणी दाखल्यानंही येऊ देत नाहीत. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडात तर बुटाला लागलेली मातीसुद्धा विमानतळावर धुऊन घेतात. ती म्हणाली, "आणि पाणी? तिथं पाटाला पाळी कुणाची आधी, ते कोण ठरवतं?" या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं, मुलाकडंही नव्हतं. पाण्याचा हक्क जमिनीबरोबर येतो की वेगळा घ्यावा लागतो, हे देशागणिक बदलतं. त्यानं ते वहीत लिहून घेतलं.

मग त्यानं 'विक्री' हा शब्द खोडला. खाली लिहिलं, पहिला हिवाळा एकट्यानं जाऊन भाड्याच्या घरात काढायचा, जमिनीचं नाव नंतर. वीस गुंठ्यांत यंदा काय पेरायचं, यावर मायलेकांचं तिथंच वाजलं. ती म्हणत होती कांदा, त्याला घास लावायचा होता.